लंडन ते सिडनी : वाटेवरचे मुक्काम

सरकारी नोकराला अंतर हा शब्द भूगोलाच्या पुस्तकापेक्षा नियमांच्या पुस्तकात अधिक वेळा भेटतो. बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे तो नकाशा उघडीत नाही. नवे ठिकाण किती किलोमीटरांवर आहे आणि तेथे जाऊन रुजू होण्यास किती दिवस मिळतात, एवढेच पाहतो. १९७९ च्या केंद्रीय नियमांत याचे कोष्टकच दिलेले आहे. बिऱ्हाड हलवून जावयाचे असेल तर एक हजार किलोमीटरपर्यंत दहा दिवस, त्यापुढे बारा, आणि दोन हजारांपलीकडे पंधरा. या पंधरा दिवसांच्या औदार्यास मात्र एक पुस्ती जोडलेली आहे : विमानाने गेल्यास बाराच. कलकत्त्याच्या ज्या कचेरीत मी प्रवासभत्त्याची बिले तपासतो, तेथे या कोष्टकामुळे पुष्कळ करमणूक होते. हावड्यापासून मुंबईपर्यंतचे रेल्वेचे अंतर दोन हजारांस तीस-बत्तीस किलोमीटर कमी भरते. तेवढ्यासाठी तीन दिवस गमावलेले मराठी अधिकारी माझ्या टेबलापाशी येऊन, 'अहो, आमचे नवे ऑफिस कुलाब्यास आहे, तेवढे धरून बघा ना,' असे सांगताना मी पाहिले आहेत.

त्या पुस्तीचा मी कधीकधी विचार करतो. विमानाने जाणाऱ्याचे तीन दिवस सरकार कापते, ते नेमके कशाबद्दल? मैल काही कमी झालेले नसतात. सामान तितकेच बांधावे लागते आणि मुलांच्या शाळेचे दाखलेही तितक्याच फेऱ्या मारून मिळतात. कापले जातात ते केवळ वाटेवरचे दिवस. विमानाच्या इतिहासात हे वाटेवरचे दिवस कसकसे नाहीसे होत गेले, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने लंडन आणि सिडनी ही दोन शहरे घ्यावीत. या दोन शहरांच्या मधली वाट एके काळी आपल्या दारावरून जात होती. आमच्या घराच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. कारण माझे पणजोबा कराचीच्या टपाल खात्यात होते, आणि लंडनहून आलेल्या विमानाच्या थैल्या फोडण्याचे काम त्यांच्याकडे असे. परंतु ती हकीगत पुढे येईल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. पृथ्वीच्या गोलावर लंडनपासून सिडनीपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो सुमारे सतरा हजार किलोमीटर, म्हणजे साडेदहा हजार मैलांहून किंचित अधिक भरतो. आणि तो दोरा हिंदुस्थानावरून जातच नाही. तो उत्तरेकडे झुकून रशियावरून जातो, मग चीन ओलांडून फिलिपाइन्स आणि न्यू गिनी यांच्यावरून खाली उतरतो. म्हणजे कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता ही ठिकाणे या वाटेवर आली ती भूगोलाने नव्हेत. ती आली, कारण तेथे इंग्रजांचे निशाण होते, तारायंत्र होते आणि पेट्रोलचे डबे उतरवून ठेवण्याची सोय होती. वाट साम्राज्याच्या अंगाने वळत गेली, आणि त्या वळणावर आपण होतो.

विमानापूर्वीचा काळ थोडक्यात सांगतो. कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियात वसाहत करण्यास निघालेला अकरा जहाजांचा पहिला तांडा १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून निघाला, तो जानेवारी १७८८ मध्ये पोहोचला. आठ महिने लागले. त्यानंतर शतकभराने 'कटी सार्क' या शिडाच्या जहाजाने सिडनीहून लोकर भरून लंडनची वाट ७३ दिवसांत कापली, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला. मनुष्याच्या आधी त्याचा शब्द पुढे गेला. १८७० मध्ये समुद्री तार एडनवरून मुंबईस पोहोचली. तेथून जमिनीवरून मद्रास, मद्रासहून पुन्हा समुद्रातून पेनांग व सिंगापूर, आणि १८७२ मध्ये डार्विनवरून ऑस्ट्रेलियाचे वाळवंट ओलांडून ती दक्षिणेकडील शहरांस जाऊन भिडली. ज्या बातमीस पूर्वी महिने लागत ती काही तासांत पोहोचू लागली. आजोबा गेल्याची तार त्याच दिवशी आणि त्यांचे शेवटचे पत्र दोन महिन्यांनी, असा विचित्र क्रम कितीतरी घरांतून तेव्हा अनुभवास आला असेल. दूरदेशी राहणाऱ्याच्या दुःखाचा तो एक नवाच प्रकार होता, आणि तो पुरता गेला आहे असे मला वाटत नाही.

आता विमान. पहिले महायुद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दहा हजार पौंडांचे बक्षीस लावले. अट अशी की वैमानिक ऑस्ट्रेलियन असावेत आणि इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंतचे अंतर त्यांनी तीस दिवसांच्या आत उडून जावे. रॉस स्मिथ आणि कीथ स्मिथ हे दोघे भाऊ, आणि बेनेट व शिअर्स हे दोन यंत्रज्ञ, असे चौघे १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळच्या हौन्सलो येथून निघाले. त्या दिवशीचे हवामान उड्डाणास सर्वस्वी अयोग्य असल्याचे वेधशाळेने कळविले होते. त्यांचे व्हिकर्स व्हिमी विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. बसण्याची जागा उघडी. त्यावर नोंदणीची जी अक्षरे होती त्यांचा अर्थ त्या चौघांनी 'देवा, आम्हा सर्वांना सांभाळ' असा लावून घेतला होता. देवाने त्यांना सांभाळले, इतरांना नाही. याच चढाओढीत उतरलेल्या दोन विमानांतील चार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील एक विमान तर निघाल्याबरोबर लंडनच्या वेशीतच कोसळले.

रॉस स्मिथला ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. १९१८ च्या अखेरीस कैरोहून कलकत्त्यास जे पहिले विमान आले, ते उडविणाऱ्यांत तो होता. आणि कलकत्त्याच्या पुढे विमान कोठे उतरू शकेल हे तो आगबोटीने फिरून पाहून आला होता. कारण प्रश्न उडण्याचा नव्हता, उतरण्याचा होता. जमिनीचा एक सपाट तुकडा, त्यावर पेट्रोलचे डबे, आणि ते राखणारा कोणीतरी माणूस, अशी ठिकाणे दर चार-सहाशे मैलांवर मांडून ठेवावी लागत. रोम, कैरो, दमास्कस, बसरा, बंदर अब्बास, कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता, अक्याब, रंगून, सिंगापूर अशी ती माळ आहे. तीत विमानतळ म्हणावे अशी ठिकाणे फार थोडी. कलकत्त्यास ते घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरले, रंगूनलाही तसेच. अलाहाबादेस उड्डाणाच्या वेळी एक दांडगा सांड मैदानात शिरून विमानासमोर उभा ठाकला. कलकत्त्याहून निघताना दोन घारी विमानाच्या वाटेत आल्या आणि त्यांतली एक पंख्यात सापडली. पंखा तुटला असता तर खालच्या गर्दीवर काय प्रसंग ओढवला असता याची कल्पनाच करावी. सयाममधील सिंगोरा येथे मैदानात झाडांचे बुंधे तसेच उभे होते. जावा बेटावर सुराबायाला विमान चिखलात रुतून बसले, तेव्हा गावकऱ्यांनी आपापल्या झोपड्यांच्या बांबूच्या चटया आणून दिल्या आणि त्या जोडून केलेल्या पट्टीवरून ते पुन्हा उडाले. रेसकोर्सवरून ट्राम जात असे तेव्हा तीत बसलो म्हणजे मला कधीकधी त्या घारी आठवत.

१० डिसेंबर १९१९ रोजी ते डार्विनला उतरले. २७ दिवस २० तास. अंतर सव्वाअकरा हजार मैलांच्या आसपास, आणि त्यांतील प्रत्यक्ष उडण्याचा वेळ अवघा सुमारे १३५ तास. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहण्यासारखे आहेत. १३५ तास म्हणजे सहा दिवसही नव्हेत. उरलेले बावीस दिवस मुक्कामात गेले : पेट्रोल गाळून भरण्यात, यंत्र पुसण्यात, चिखल काढण्यात, यजमानांच्या मेजवान्यांस हजर राहण्यात आणि झोपण्यात. दूरपणा म्हणून ज्यास म्हणतो त्याचे चार पंचमांश उडण्यात नव्हतेच. ते जमिनीवर होते. आणि याहून मौज पुढेच आहे. डार्विन म्हणजे सिडनी नव्हे. यंत्राची मोडतोड आणि दुरुस्ती करीत करीत हे चौघे सिडनीस पोहोचले तेव्हा १४ फेब्रुवारी १९२० उजाडला होता. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाच्या दारापर्यंत अठ्ठावीस दिवस, आणि दारापासून घरात यावयास दोन महिने! बक्षिसाची रक्कम चौघांत सारखी वाटण्यात आली, ही गोष्टही नोंदविण्यासारखी. यंत्रज्ञ आणि वैमानिक यांच्या वाट्यात फरक केला गेला नाही. सव्वादोन वर्षांनी, एप्रिल १९२२ मध्ये, रॉस स्मिथ आणि बेनेट हे दोघे इंग्लंडमध्ये एका विमानाची चाचणी घेताना मरण पावले. त्यांचे ते व्हिमी विमान ॲडलेडच्या विमानतळावर जतन करून ठेवलेले आहे.

नंतरच्या दशकात हे दिवस भराभर घटले. १९२८ मध्ये बर्ट हिंकलर एकटाच साडेपंधरा दिवसांत डार्विनला गेला. परंतु मला अधिक जवळची वाटते ती ॲमी जॉन्सन. लंडनमधील एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करणारी ही सव्वीस वर्षांची मुलगी. लंडनहून आपल्या गावी हलला जाणे एवढाच तिचा लांबचा विमानप्रवास. मे १९३० मध्ये ती एका जुन्या जिप्सी मॉथ विमानातून एकटी ऑस्ट्रेलियास निघाली. कराची तिने सहा दिवसांत गाठली, हिंकलरपेक्षा दोन दिवस आधी. तेथून अलाहाबादेस जाताना पेट्रोल संपत आले, आणि ती उतरली ती झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर. झाशी या नावाशी मराठी मनात जी स्त्री उभी राहते, तिच्या गावात ही दुसरी एकाकी स्त्री आभाळातून येऊन उतरली, हा योगायोग मला उगाच सुखावतो. त्यात याहून अधिक काही नाही. पुढे रंगूनजवळ इन्सीनला एका फुटबॉलच्या मैदानावर तिचे विमान आपटले. पंखावर लावण्यास कापड मिळेना, तेव्हा महायुद्धातील विमानांच्या उरलेल्या कापडाचे जे सदरे तेथील लोकांनी शिवून घेतले होते ते उसवून पंखास ठिगळे लावण्यात आली. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. विक्रम झाला नाही, चार दिवस जास्त लागले. पण लोकांनी तिलाच लक्षात ठेवले.

ही सारी साहसाची वाट झाली. रुळलेली वाट तयार केली ती टपालाने. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडन-कराची सेवा सुरू केली. सात दिवस आणि १३० पौंड भाडे. मध्ये युरोपातला एक तुकडा आगगाडीने, भूमध्य समुद्र उडत्या बोटीने, पुढे पुन्हा विमान, अशी ती यात्रा असे. त्याच वर्षाच्या अखेरीस ही वाट जोधपूरवरून दिल्लीपर्यंत आली; १९३३ मध्ये अलाहाबाद, कलकत्ता, रंगून करीत सिंगापूरपर्यंत गेली; डिसेंबर १९३४ मध्ये टपालासाठी आणि एप्रिल १९३५ मध्ये प्रवाशांसाठी ती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला पोहोचली. साडेबारा दिवस, १९५ पौंड. मुंबई या मुख्य वाटेवर नव्हतीच. विलायतेचे टपाल कराचीस उतरे, आणि तेथून ते जुहूस आणण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी आपले छोटेसे पस मॉथ विमान स्वतः उडवीत आणले, हे बहुतेकांस ठाऊक आहे. टाटांची ती कंपनी म्हणजे मूळ वृक्षास फुटलेली फांदी होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

आता आमच्या घराची हकीगत. सिंध हा १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि कराचीत मराठी माणसे पुष्कळ होती. तेथील नावाजलेली शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने चालत असे. माझे पणजोबा टपाल खात्यात कारकून म्हणून तेथे गेले आणि तेथेच रमले. आजोबांचा जन्म कराचीचा. त्यांच्या बालपणीच्या आठवणींत समुद्र आहे, उंट आहेत, आणि 'काळा छप्रा' आहे. हा काळा छप्रा म्हणजे आठशे फुटांहून लांब अशी एक प्रचंड शेड. लंडनहून कराचीस येणाऱ्या आर-१०१ या महाकाय हवाई जहाजाला ठेवण्यासाठी ती बांधलेली होती. ते जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्येच जळून कोसळले. ४८ माणसे गेली, आणि शेड पाहुण्याची वाट पाहत रिकामी उभी राहिली. आजोबा सांगत की विमान आले म्हणजे पणजोबांना रात्री-अपरात्री बोलावणे येई. लंडनच्या थैल्या फोडावयाच्या, मुंबईच्या वेगळ्या, लाहोरच्या वेगळ्या, आणि कलकत्ता, रंगून, ऑस्ट्रेलियाच्या तशाच बंद पुढच्या विमानात चढवावयाच्या. सिडनी हे नाव आजोबांनी प्रथम वाचले ते एका थैलीच्या चिठ्ठीवर. प्रवासी मंडळी रात्री हॉटेलात उतरत, पहाटे चहा घेऊन पुढे जात. रात्री विमान उडवावयाचे नाही असा तेव्हा सर्वसाधारण रिवाज होता. माणसाप्रमाणे विमानही निजत असे.

१९३८ मध्ये उडत्या बोटी आल्या आणि सिडनी या वाटेचे खरोखरीचे शेवटचे ठाणे झाले. त्या वर्षी जुलैपासून साउदॅम्प्टनच्या पाण्यावरून निघालेली बोट नऊ-दहा दिवसांत सिडनीच्या रोझ बेवर उतरू लागली. या बोटींस धावपट्टी नको, पाणी हवे. म्हणून हिंदुस्थानातले मुक्काम बदलले : मेवाडचे राजसमंद सरोवर, ग्वाल्हेरजवळचा तलाव, अलाहाबादेस यमुना आणि कलकत्त्यास बालीच्या पुलापाशी हुगळी. ज्या राजसमंदाच्या बांधावर महाराणा राजसिंहाने पंचवीस शिळांवर आपल्या घराण्याची संस्कृत प्रशस्ती कोरविली, त्याच पाण्यावर विलायती बोटी पेट्रोल घेण्यास उतरू लागल्या. दक्षिणेश्वरच्या घाटावर उभे राहिले म्हणजे तो पूल समोर दिसतो. तेथे एके काळी सिडनीचे उतारू चहा पीत होते, असे मी आमच्या मंडळाच्या सहलीत एकदा सांगितले, तर कोणाचाच विश्वास बसला नाही.

मग युद्ध आले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राची वाट बंद झाली, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडल्यावर पुढची वाटही तुटली. लंडन आणि सिडनी यांच्यामध्ये पुन्हा एकदा केवळ समुद्र उरला. तो जोडण्यासाठी क्वांटास कंपनीने जे केले ते या सर्व इतिहासातील सर्वांत शांत आणि मला वाटते सर्वांत मोठे साहस आहे. जून-जुलै १९४३ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि सिलोनमधील कोग्गल या दोन ठिकाणांमध्ये पाच कॅटालिना बोटी ये-जा करू लागल्या. मध्ये साडेतीन हजार सागरी मैल पाणी, आणि त्यावर जपानी विमानांचा पहारा. बिनतारी संदेश पाठवावयाचा नाही. रात्री ताऱ्यांवरून दिशा काढावयाची; बोटींना नावेही ताऱ्यांचीच दिलेली होती. पेट्रोलचे ओझे एवढे की प्रवासी फार तर तिघे, आणि टपाल ६९ किलो. २७ ते ३३ तास सतत उडावयाचे, म्हणजे एकाच प्रवासात सूर्य दोनदा उगवताना दिसे. म्हणून उतरल्यावर प्रवाशास 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळाचा' सभासद झाल्याचे प्रमाणपत्र देण्यात येई. जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही बोट हरवली नाही. युद्ध संपल्यावर त्या साऱ्या समुद्रात बुडवून टाकण्यात आल्या. मुक्कामाशिवाय एवढे अंतर जाता येते, हे प्रथम या वाटेने दाखविले. पण ते दाखविले नाइलाजाने, मुक्काम शत्रूच्या हाती गेले म्हणून.

१ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे कॉन्स्टलेशन विमान २९ प्रवासी व ११ कर्मचारी घेऊन सिडनीहून लंडनला निघाले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली आणि लंडन. चार दिवस, त्यांत उडण्याचे तास पंचावन्न. सिंगापूर आणि कैरो येथे रात्रीचा मुक्काम. जाऊन-येऊन भाडे ५८५ पौंड, म्हणजे सामान्य ऑस्ट्रेलियन कामगाराच्या दीड वर्षाच्या वेतनाच्या आसपास. कंपनीने या वाटेस 'कांगारूची वाट' असे नाव दिले, कारण तीत उड्या होत्या. विमानाच्या इतिहासकारांनी ही तारीख ठळक अक्षरांत नोंदविली आहे. या यादीतील दोन नावांकडे मात्र आमच्या घरातील माणसे वेगळ्या नजरेने पाहतात. कलकत्ता आणि कराची ही दोन ठाणी साडेतीन महिन्यांपूर्वी एका देशात होती. आता दोन देशांत होती.

सरकारी नोकरांना त्या वर्षी एक छापील कागद देण्यात आला होता : भारताची नोकरी की पाकिस्तानची, ते लिहून द्या. पणजोबांनी भारत लिहिले. बदलीचा हुकूम नागपूरचा आला. कियामारी बंदरातून आगबोटीने मुंबई, आणि मुंबईहून आगगाडी. त्या बदलीचा रुजू होण्याचा अवधी किती दिवस धरला गेला, हे पाहण्याची मला धंदेवाईक उत्सुकता आहे; पण तो कागद घरात नाही. आहे ती इंपीरियल एअरवेजची एक जुनी वेळपत्रिका, तीत मुक्कामांची नावे एकाखाली एक छापलेली, आणि कराचीपाशी पणजोबांनी पेन्सिलीने केलेली खूण. १ डिसेंबरच्या सुमारास सिडनीचे ते विमान कराचीस उतरले तेव्हा त्याच्या थैल्या कोणी फोडल्या असतील, हा प्रश्न पणजोबा नागपूरला बसून विचारीत असत, असे आजोबा सांगत.

यापुढचा इतिहास लवकर संपतो, कारण तो मुक्काम गळण्याचाच इतिहास आहे. १९५९ मध्ये बोइंग ७०७ आले आणि चार दिवसांचे दीड दिवस झाले. प्रवासी आता हॉटेलात न उतरता विमानातच निजू लागला, आणि ठाण्यावर तासाभरासाठी काचेच्या दिवाणखान्यात बसू लागला. मग जंबो आले. ठाण्यांची नावे एकेक करून पत्रिकेतून गेली. अलाहाबाद व जोधपूर कधीच गेली होती. आता कराची गेली, कलकत्ता गेले, सिंगापूर तेवढे राहिले. ऑगस्ट १९८९ मध्ये एक बोइंग ७४७-४०० लंडनहून निघाले आणि कोठेही न उतरता २० तास ९ मिनिटांनी सिडनीस पोहोचले. जमिनीवरचे तेलही खर्ची पडू नये म्हणून त्यास ओढत धावपट्टीच्या टोकापर्यंत नेले होते. विमानात माणसे अवघी २३. चारशे जागांच्या विमानात २३! बाकी सारे वजन इंधनाचे. जितके दूर जावयाचे तितके इंधन अधिक, आणि ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन. या हिशेबात माणसाला जागा उरत नाही. म्हणून ते उड्डाण कौतुकाचेच राहिले, रोजच्या वाटेचे झाले नाही. ते विमान २०१५ पासून सिडनीच्या दक्षिणेस एका संग्रहालयात आहे.

मार्च २०१८ मध्ये पर्थहून लंडनला न थांबता जाणारी रोजची सेवा सुरू झाली : १४,४९८ किलोमीटर, सुमारे सतरा तास. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनहून सिडनीस चाचणीचे एक विमान १९ तास १९ मिनिटांत गेले. त्याच्या वाटेत रशिया, कझाकस्तान, चीन, फिलिपाइन्स होते. गोलावर ताणलेल्या त्या दोऱ्यापासून ते फारसे ढळले नाही. त्यातील माणसांनीही सूर्य दोनदा उगवताना पाहिला, आणि कंपनीने आपल्या योजनेस सूर्योदयाचेच नाव दिले, ते त्या कॅटालिना बोटींची आठवण ठेवून. २०२२ मध्ये मात्र रशियाने आपले आकाश ब्रिटिश विमानांस बंद केले. दोरा सरळ असला तरी वाट सरळ असतेच असे नाही. इंग्रजांच्या काळातही नव्हती.

याच्या उलट हिशेब कराचीचा. मुंबई ते कराची हे हवाई अंतर नऊशे किलोमीटरांहून थोडे कमीच. टाटांचे पस मॉथ वाटेत अहमदाबादेस थांबून ते एका दिवसात कापीत असे. आमच्या नियमांच्या कोष्टकात ते पहिल्याच ओळीत बसेल, दहा दिवसांच्या. थेट विमाने थांबलीच होती. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांस आपले आकाशही बंद केले. लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंतचे अठ्ठावीस दिवस शंभर वर्षांत एकोणीस तासांवर आले. मुंबई-कराचीचा एक दिवस मात्र कोणत्याही कोष्टकात मांडता येईना.

२०१८ मध्ये पर्थच्या त्या विमानाची बातमी आली तेव्हा मी रजेवर नागपूरला होतो. आजोबांनी शहाऐंशी ओलांडली होती, दृष्टी अधू झाली होती. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. सतरा तास, मध्ये कोठेही उतरावयाचे नाही, असे मी वाचले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचावयास लावले. मग पलंगावर उठून बसत म्हणाले, "अरे, पण मग मधल्या गावांचं टपाल कुठे उतरवतात?"